काउंटरवरच्या पीसीला विंडोज ११ टाकू का?

प्रश्न : नमस्कार दादा. सेलूत बसस्टँडजवळ माझं झेरॉक्स, डीटीपी अन् ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. काउंटरवरचा पीसी आय थ्री, सातव्या जनरेशनचा, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. दुसरा लॅपटॉप आहे, दहाव्या जनरेशनचा. दोन्हीवर विंडोज १० आहे अन् सपोर्ट संपल्याचा मेसेज येत राहतो. रिपेअरवाला पोरगा म्हणतो ५०० रुपये द्या, दोन्हीवर ११ टाकून देतो. टाकून घेऊ का नवीनच पीसी घेऊ? जूनमधी पोरीची फी पण भरायचीय.
– एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : ताई, आधी सरळ सांगतो. लॅपटॉपवर टाका, पण आत्ताच, जूनच्या आत. काउंटरच्या पीसीवर बिलकुल टाकू नका. अन् नवीन पीसीसाठी पोरीच्या फीला हात लावू नका.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे पीसी बंद पडणार नाही, चालतच राहील, पण चोरांना आत शिरता येईल असं नवीन भोक सापडलं की ते बुजवायला अपडेट येणार नाही. घरी सिनेमे बघायचा पीसी असता तर मी एवढा जोर दिला नसता. पण तुमच्या डाउनलोडच्या फोल्डरमधी गावातल्या लोकांची आधार कार्डं, पासबुकाचे फोटो, सातबारे पडलेले असतात, ते लोक तुमच्या भरवशावर कागद देऊन जातात, त्यामुळं "चालतंय तोवर चालू द्या" असं मी तुम्हाला म्हणणार नाही.

आता सातव्या जनरेशनचं. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो (एखाददुसरा अपवाद सोडा), शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) अन् सिक्युअर बूट (पीसी चालू होताना भलतं सॉफ्टवेअर अडवणारी सोय). पोरगा ही तपासणी चुकवून टाकून देईल, ते जमतं, खोटं नाही बोलत तो. पण अशा मशीनला पुढं अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, मग ज्यासाठी करायचं तेच हातात राहत नाही. अन् ४ जीबी रॅम कागदावर चालते, पण साध्या हार्ड डिस्कवर ११ टाकलं तर गिऱ्हाईक उभं असताना पीडीएफ उघडायची वाट बघत बसाल.

त्यापेक्षा त्या पीसीला जादा वर्षाचे सिक्युरिटी अपडेट चालू करून घ्या. विंडोज अपडेटच्या पानावर 'एनरोल नाऊ' दिसतं. मायक्रोसॉफ्टचं अकाउंट टाकून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर फुकट, नाहीतर ३० डॉलर. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती पाहिजे. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत निभतं. फक्त बॅकअप चालू करताना डेस्कटॉपच्या सगळ्या फायली वर चढवू नका, वनड्राइव्हवर (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) फुकट जागा ५ जीबीच असते, स्कॅन केलेल्या कागदांनी दोन दिवसांत भरते. थोडे पैसे टाकायचेच तर साध्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (वेगवान डिस्क) बसवा, त्याच पीसीत फरक कळेल.

खरी मेख मराठी फॉन्टमधी आहे. माझ्या भावाचं असंच दुकान आहे. त्याच्या पीसीला मी ऐन जूनमधी फॉरमॅट मारून ११ टाकलं. सोमवारी सकाळी प्रतिज्ञापत्राची जुनी फाईल उघडली तर मराठीच्या जागी नुसते इंग्रजी अक्षरांचे अन् चिन्हांचे ढीग, कारण फॉन्ट उडालेले, अन् टायपिंगच्या सॉफ्टवेअरची डोंगल (यूएसबीत लावायची चावी) नवीन विंडोज ओळखेना. तिचा ड्रायव्हर (विंडोजला ती ओळखून देणारं सॉफ्टवेअर) जुना ३२ बिटचा होता अन् ११ फक्त ६४ बिटमधी येतं. बाहेर बाँडपेपर हातात घेऊन माणसं उभी, त्यातले एक बाबा जिंतूरच्या पल्याडून दोन गाड्या बदलून आले होते, त्यांना उद्या या म्हणताना भावाचं तोंड बघवत नव्हतं. चूक माझी होती, मी आधी विचारलंच नाही की रोज काय काय चालवतोस.

म्हणून लॅपटॉपला हात लावायच्या आधी फॉन्टचं अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. प्रिंटर, अंगठ्याची मशीन, डिजिटल सहीचं टोकन, एकेकाचा विंडोज ११ चा ६४ बिट ड्रायव्हर मिळतो का ते बघा. फॉरमॅट न मारता वरूनच अपग्रेड करा, त्यात फायली अन् फॉन्ट जागेवर राहतात, अन् नाहीच जमलं तर १० दिवसांच्या आत रिकव्हरीमधून परत १० वर येता येतं. ते १० दिवस डिस्क क्लीनअप करू नका, नाहीतर परतीची वाट पुसली जाते. चार्जर लावून, बॅटरी फुल करून रात्री लावा, आपल्याकडं लाईटचा काय नेम. ११ आल्यावर डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या डेटाला कुलूप) चालू झालंय का बघा, झालं असेल तर रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडायचा नंबर, वहीत उतरवून ठेवा, ती हरवली अन् कधी विचारली तर सगळा डेटा अडकतो.

ऑक्टोबर २०२६ नंतर काउंटरच्या पीसीचं नेट काढून टाका अन् फक्त टायपिंग, प्रिंटला ठेवा. फॉर्म, आधार, बँकेचं काम सगळं लॅपटॉपवर. पण पेनड्राइव्ह दोन्हीकडं फिरणार, तेव्हा लॅपटॉपवर स्कॅन केल्याशिवाय तो काउंटरला लावू नका, गिऱ्हाइकाचा तर नाहीच नाही.