वाचक विचारतात: पावसाळ्यात मोजके कपडे पुरतील कसे?

प्रश्न: तीन महिन्यांसाठी फक्त ३३ नग ठेवायचे, ही पद्धत मार्चपासून सुरू केली. उन्हाळा छान गेला. जुलैत मात्र अर्धवट ओला कुर्ता इस्त्रीनं वाळवून बँक गाठावी लागते. नग वाढवू की नाद सोडू? (सातारा)

उत्तर: नाद सोडू नका, गणित बदला. ३३ हा आकडा अमेरिकेतल्या कर्टनी कार्व्हर यांच्या २०१० सालच्या ‘प्रोजेक्ट ३३३’मधला. त्यात चपला-बूट आणि दागिनेही मोजतात. आतले कपडे, झोपायचे कपडे आणि लग्नाची अंगठी मोजत नाहीत. तिकडे कपडे वाळवायला मशीन असतं, आपल्याकडे दोरी. त्यामुळे आपला आकडा दोरी ठरवते.

रोज धुणं होत असेल तर हिशेब असा: एक कुर्ता अंगावर, एक धुण्यात, वाळायला जितके दिवस लागतात तितके दोरीवर आणि एक हाताशी. मे महिन्यात सकाळचं धुणं दुपारी वाळतं, म्हणून तीनवर भागतं. जुलैत छपराखाली जाड सुती कुर्ता तीन दिवस घेतो, म्हणजे सहा लागतात. एक दिवसाआड धुत असाल तर सात. महाबळेश्वर-पाचगणीकडे अजून दोन धरा. माण-खटावला उन्हाळ्याचाच हिशेब बहुतेक चालून जातो.

आकड्याइतकंच कापड महत्त्वाचं. व्हिस्कोस-रेयॉन भरपूर पाणी पितं, ओलं असताना कमजोर होतं आणि दोरीवर लोंबून लांबतं. जीन्स वरून कोरडी वाटते, पण कंबरपट्टी आणि खिशाचे दुहेरी थर ओलेच राहतात. कुबट वास तिथूनच येतो. पावसाळ्यापुरती ती बाजूला ठेवा. पातळ सुती, सुती-पॉलिस्टर मिश्र किंवा क्रेप घ्या. खाली पलाझो नको, घोट्याच्या वर संपणारी पँट बरी. उन्हाळ्यात एक पँट दोनदा चालते. पावसात मागून पोटरीपर्यंत चिखलाचे शिंतोडे उडतात, म्हणून पँटी कुर्त्यांइतक्याच मोजा.

इस्त्रीनं वाळवायचाच असेल तर कुर्ता उलटा करून आधी शिवणी, काखा आणि गळपट्टी दाबा, मग अर्धा तास पंख्याखाली टांगा. गरम दमट कपडा घडी करून कपाटात गेला की बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते सहसा निघत नाहीत.

कपाट वर्षातून तीनदा बदला: मृगाआधी, दिवाळीनंतर, होळीला. मृगाआधी उन्हाळी कपडे बांधताना चार पातळ सुती कुर्ते बाहेरच असू द्या, ऑक्टोबरच्या उन्हात हमखास लागतात. थंडीसाठी जाड स्वेटरपेक्षा बिनबाह्यांचं जाकीट आणि शाल सोयीची, कारण सकाळचा गारठा दुपारपर्यंत टिकत नाही.

प्रश्न: आहेरात आलेल्या काठपदराच्या आणि इरकल साड्या या मोजणीत धरायच्या का? (सांगली)

उत्तर: नाही. त्यांची पेटी वेगळी. अडचण साड्यांची नसते, ब्लाउजची असते: पंधरा साड्या आणि त्यातले अंगाला बसणारे ब्लाउज चार! काळा, मरून आणि मोहरी-सोनेरी असे तीन नीट बसणारे ब्लाउज शिवले की बऱ्याचशा साड्या नेसत्या होतात. शिंप्याला दोन्ही कुशींत इंचभर माया ठेवायला आवर्जून सांगा, म्हणजे पुढे उसवून सैल करता येतो.

जरीची साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, दमटपणा कोंडतो आणि जर काळी पडते. जुन्या धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. डांबरगोळी साडीला टेकू देऊ नका. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर जर घडीवर तुटते. पेटी मे महिन्यात उघडून साड्यांना सावलीत वारा द्या. भर पावसात कामाशिवाय उघडू नका.

प्रश्न: काढलेले कपडे लगेच देऊन टाकावेत का? (कराड)

उत्तर: पहिल्या वर्षी नको. गाठोडं बांधून वर तारखेची चिठ्ठी लावा. तोच ऋतू पुन्हा आला आणि गेला, तरी गाठोड्यातलं जे आठवलंही नाही ते द्या. मऊ झालेल्या सुती साड्या मात्र गोधडीसाठी राखा. सिंथेटिक साडी तिच्यात घालू नका, घाम शोषत नाही.