गावाकडचे दान पावतीपुस्तकात का दिसत नाही?

प्रश्न : लातूर जिल्ह्यातील आमच्या मूळ गावी आम्ही काही मित्र मुलींचे वसतिगृह चालवतो. पुण्यातून वर्गणी सहज जमते. गावाकडून मात्र करसवलतीची पावती देऊ करूनही फारसे काही येत नाही. काही भागांत दानतच कमी असते का?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : असा निष्कर्ष आपण काढू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपण मोजता ती रोख रक्कम, आणि जिथे दरमहा पगार हाती पडतो तिथेच रोकड सहज सुटते. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त असल्याने केवळ शेतीवर जगणाऱ्या घराला आपल्या करसवलतीच्या पावतीचा काहीच उपयोग नाही. (नवी करप्रणाली स्वीकारलेल्या पुण्यातील पगारदारालाही ती वजावट मिळत नाही.) कंपन्यांचे म्हणाल, तर २०१३ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागील ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले, परंतु आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही त्यातच म्हटले असल्याने चाकण-पिंपरीचा पैसा कारखाने नसलेल्या तालुक्यापर्यंत सहसा पोहोचत नाही.

दानाची रीत त्या त्या भागाच्या मिळकतीप्रमाणे बदलते. महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये मुंबईच्या विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये देऊ केले. ते व्यापाऱ्याचे दान होते. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी शेतकऱ्यांच्या घरांतून मुष्टिफंड उभा केला : दळायला बसण्यापूर्वी घरच्या बाईने मूठभर धान्य वेगळ्या मडक्यात टाकायचे, आणि साठलेले धान्य वसतिगृहातील मुलांच्या जेवणाला जायचे. आपल्या पुण्यातही पालख्या मुक्कामाला आल्या की पेठांतील घरे वारकऱ्यांना जेवू घालतात, त्याची पावती कोण फाडतो?

आपल्या वसतिगृहातही रोज भाकरी लागतेच. तेव्हा ज्वारीची रास झाली की धान्य मागावे. रोख वर्गणी सोयाबीन मोंढ्यावर विकून झाल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर, मागावी. मागायला पुण्याहून आलेल्या पाहुण्याऐवजी गावातीलच ओळखीचे माणूस जावे, आणि कोणाकडून किती पायल्या आल्या ते वसतिगृहाच्या दारावरील फळ्यावर लिहावे. पुढील वर्षीच्या जमाखर्चात त्या धान्याची किंमत लावून ती गावाच्या नावे जमा धरावी.