बोलोन्याचा नेपच्यून: आशीर्वाद नव्हे, दम

तुमच्या इटलीतल्या बोलोन्या शहराच्या फोटोतला, कारंज्यावरचा त्रिशूळवाला पुतळा पोसायडनचा की नेपच्यूनचा, आणि हात पुढे करून तो कोणाला आशीर्वाद देतोय, असं तुम्ही विचारलंय. समुद्राचा देव एकच. ग्रीकांचा पोसायडन तोच रोमनांचा नेपच्यून, आणि इटलीत अर्थातच रोमन नाव रूढ झालं.

आशीर्वाद मात्र नाही हो! रोमन कवी व्हर्जिलच्या 'एनीड' या महाकाव्यात वारे मोकाट सुटून समुद्र खवळतो, तेव्हा नेपच्यून वर येऊन त्यांना दम भरतो. धमकीचं वाक्यही अर्धवट सोडतो, कारण आधी लाटा शांत करायच्या असतात. तो पसरलेला डावा हात साधारण त्या क्षणाचा. हे कारंजं झालं ते पोप चौथा पायस याच्या काळात, आणि बोलोन्यावर तेव्हा पोपचीच सत्ता होती. शहराला आवरणारा हात कोणाचा, हे लोकांनी ओळखावं अशीच सोय.

शिल्पकार जांबोलोन्या. नावात बोलोन्या असलं तरी गडी फ्लँडर्सचा. 1560 मध्ये फ्लॉरेन्सच्या नेपच्यूनसाठी त्यानेही नमुना केला होता, पण काम मिळालं अम्मानाती या दुसऱ्या शिल्पकाराला. तिथला संगमरवराचा दगड अरुंद, त्यामुळे त्या पुतळ्याचे हात अंगालगतच राहिले. फ्लॉरेन्सवाले आजही त्याला 'बियांकोने', म्हणजे थोराड पांढरा, म्हणून चिडवतात आणि चांगला दगड वाया घालवल्याचं यमक ऐकवतात. मला ते जरा कठोर वाटतं, पण बोलोन्याचा पाहून आल्यावर फ्लॉरेन्सचा ठोकळाच वाटतो, हेही खरं.

फरक धातूचा आहे. संगमरवराचा असा लांब हात स्वतःच्याच वजनाने मोडायची भीती. ब्राँझ आतून पोकळ ओततात आणि ते ताणही सोसतं, म्हणून तीन मीटरहून उंच देह एवढा हात पसरून बिनधास्त उभा राहतो. मान हाताच्या दिशेला वळलेली, पायाखाली डॉल्फिन. समोरून काढलेल्या फोटोत हा पीळ कळत नाही. भोवती एक चक्कर मारायलाच हवी. (सालाबोर्सा ग्रंथालयाच्या पायऱ्यांजवळच्या एका ठरावीक जागेवरून त्याच डाव्या हाताचा अंगठा भलताच काहीतरी दिसतो. गाइड मिश्कील हसत तिथे नेतात. मुलं बरोबर असतील तर तुम्ही ठरवा.)

मासेरातीच्या गाड्यांवरचा त्रिशूळ इथलाच. कंपनी मूळची बोलोन्याची.

आणि फोटो मोठा करून नेपच्यूनच्या पायाशी बसलेली चार मुलं पाहा. त्या चार नद्या मानतात: नाईल, डॅन्यूब, ॲमेझॉन आणि चौथी आपली गंगा.