बांधापलीकडची उभी बाग फ्रेममध्ये घ्यायची का?

रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादक वडिलांचं पत्र आलंय. "वादळी वाऱ्यानं आमची निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली बाग आडवी झाली. बारावी सायन्सला असलेल्या माझ्या मुलीनं मोबाईलवर त्याची सात मिनिटांची फिल्म केली. त्यासाठी मला बांधावरून दोनदा चालायला लावलं आणि शेजाऱ्याची उभी बाग मुद्दाम दाखवली नाही. गावानं कौतुक केलं, पण मला ते खोटं वाटलं. आता ती फिल्मचंच शिकायचं म्हणते. हे काम सचोटीचं आहे का? आणि पोट भरेल का?"

भाऊ, सचोटीचा प्रश्न तुम्ही पोटाच्या आधी विचारलात. म्हणून मीही आधी त्याचंच उत्तर देतो.

दोनदा चालायला लावलं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. 1922 साली रॉबर्ट फ्लॅहर्टी यांनी उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांवर 'नानूक ऑफ द नॉर्थ' हा चित्रपट केला. इग्लूच्या, म्हणजे त्यांच्या बर्फाच्या घराच्या आत कॅमेऱ्याला पुरेल एवढा उजेड नव्हता, जागाही नव्हती. मग एक बाजू उघडी ठेवून इग्लू बांधलं आणि कुटुंबाला त्यात झोपायला सांगितलं. मला त्यात खोटं दिसत नाही, कारण ती माणसं इग्लूत झोपत होतीच. पण त्याच चित्रपटात वॉलरस या समुद्री प्राण्याची शिकार भाल्यानं करायला लावली. तोवर त्या लोकांच्या हातात बंदुका आल्या होत्या. तिथे बघणाऱ्याची फसवणूक झाली. तुमचं दुसऱ्यांदा चालणं म्हणजे ते उघडं इग्लू. शेजाऱ्याची बाग वगळणं मात्र बंदूक लपवण्याच्या जवळ जातं.

जवळ जातं म्हणालो, कारण फिल्म काय सांगते त्यावर ते ठरेल. "माझ्या वडिलांची बाग गेली" एवढंच सांगत असेल, तर कॅमेरा तुमच्या बागेत थांबला तरी चालेल. "अख्खं शिवार झोपलं" असं भासवत असेल, तर ते खोटं. पंचनाम्याचंच बघा ना. त्यात गट नंबर, क्षेत्र आणि नुकसान 33 टक्क्यांच्या वर की खाली, एवढं येतं. तीही एक फ्रेमच. त्यातला आकडा खरा असतो, पण घड कापणीला आले असतील आणि व्यापाऱ्याशी बोलणंही झालं असेल, तर ते त्यात कुठे येतं? चौकट आली की काहीतरी बाहेर राहणारच. प्रश्न एवढाच, की जे बाहेर ठेवलं त्यानं आतल्याचा अर्थ बदलतो का.

मुलीला एक विचारा. शेजाऱ्याची बाग उभी का राहिली? ती अजून निसवली नसेल, तर उत्तर तुम्हाला माहीत आहे. घडाच्या भारानं वाकलेलं झाड वाऱ्यात आधी मोडतं, बिनघडाचं तग धरतं. म्हणजे ज्याचे पैसे हातात यायची वेळ जवळ आली होती, त्यालाच वाऱ्यानं गाठलं. आडवी आणि उभी बाग एकाच फ्रेममध्ये आली, तर हे न बोलता कळेल. तिनं जे दडवलं, त्यातच तिच्या फिल्मचा जीव होता. अठराव्या वर्षाच्या आत ही चूक होते. शिकायचं असतं ते हेच.

तिला चाळीसगावला घेऊन जा. तुमच्याकडून गाडीनं सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल. तिथे स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे, आता त्याचं कलादालन झालंय. 1989 साली वारलेल्या या माणसानं घरातल्या टेबलावर साध्या वस्तू मांडून मोठमोठ्या निसर्गदृश्यांची छायाचित्रं घेतली. सगळं रचलेलं. पण त्या प्रकाराचं नावच 'टेबल-टॉप', त्यामुळे फसवणुकीचा प्रश्नच येत नाही. रचना आणि लबाडी यांत किती अंतर असतं, ते तिला तिथे डोळ्यांनी दिसेल.

आता शिक्षणाचं. चित्रकलेकडे ओढा असेल तर बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टसारख्या ठिकाणी कलेची पदवी घेता येते. फिल्मचंच नक्की असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: आधी जळगावात पदवी घेऊ द्या. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट संस्थेच्या दिग्दर्शन, छायांकन, संकलन, ध्वनी या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांना पदवी लागतेच. ध्वनीसाठी बारावीत फिजिक्सही लागतं, म्हणजे सायन्स वाया गेलं असं समजू नका. नियम बदलतात, तेव्हा त्या-त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचा. पदवीच्या तीन वर्षांत तिनं हतनूर धरणावर, सावद्याच्या केळी बाजारात, सातपुड्याच्या पाड्यांवर शूट करत राहावं. प्रवेशासाठी तो सराव कुठल्याही क्लासपेक्षा मोलाचा.

पोटाचं खरं सांगतो. सुरुवातीची काही वर्षं पगार ठरलेला नसतो. संकलन आणि ध्वनी येणाऱ्याला त्यातल्या त्यात लवकर काम मिळतं, दिग्दर्शनाला वेळ लागतो. घरून थोडा आधार देता येईल का, याचा हिशेब आजच मांडा आणि तो तिच्यासमोर मांडा.

तिनं बांधावर उभं राहून दोन्ही बागा एकत्र येतील असा एक शॉट आता घ्यावा. पडलेली खोडं अजून शेतातच असतील, तर उशीर करू नका. मग आधीची आणि नवी, दोन्ही फिल्म मला पाठवा.