लक्ष देऊन ऐकण्याचं मोल आपल्या गाण्यांत कुठे सांगितलंय का, की सगळं कौतुक गाणाऱ्याचंच?

सांगितलंय, आणि फार जुन्या काळापासून. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय सुरूच होतो ऐकणाऱ्यापासून:

'तरी अवधान एकलें दीजे । मग सर्व सुखासि पात्र होईजे ।'

एवढं एक लक्ष द्या, सगळ्या सुखाला पात्र व्हाल, अशी ही उघड प्रतिज्ञा. आणि लगेच पुढच्या ओवीत माउली सांगतात, ही प्रौढी नव्हे, ही माझी सलगीची विनवणी. ज्यांच्या शब्दांवर सातशे वर्षं महाराष्ट्र पोसला, ते श्रोत्यांना विनवतात! मला हे फार मोठं वाटतं. समर्थांनीसुद्धा दासबोधात नवविधा भक्ती सांगताना पहिला समास श्रवणाला दिला. कीर्तन त्यानंतर.

मी इथे नागपुरात मानेवाड्याकडे खंजिरी भजनात मागे साथ करतो. भजनं बहुतेक तुकडोजी महाराजांची. बुवा ओळ सोडतात, आम्ही उचलतो. ओळ पाठ आहे म्हणून भागत नाही. कधी ते शेवटचा शब्द ओढतात, कधी ध्रुपद अर्ध्यावर आमच्याकडे टाकतात. त्यांच्या श्वासाकडे आणि खंजिरीवरच्या बोटांकडे लक्ष नसलं की कोणीतरी आधीच सुरू होतो आणि अख्खी ओळ विस्कटते. नवीन पोरांना आम्ही सुरुवातीला गाऊच देत नाही, नुसत्या टाळ्या धरायला लावतो.

पण ऐकण्याचा खरा कस लागतो कलगी-तुऱ्यात, म्हणजे शाहिरांच्या दोन पक्षांच्या सवाल-जबाबात. तुरेवाले शिवाला थोर मानतात, कलगीवाले शक्तीला. एक शाहीर डफावर सवाल टाकतो, पुराणातलं एखादं कूट, आणि समोरच्याने जबाब गाण्यातूनच द्यायचा. समोरचा गात असताना जो आपल्याच कडव्याची जुळवाजुळव करत बसला, त्याच्या जबाबात सवालाचा एखादा धागा हमखास सुटतो. आवाज कितीही गोड असो, पुढे बसलेली जाणती माणसं ते बरोबर पकडतात. तिथे दाद मिळते ती आधी नीट ऐकल्याची.

दिवाळीनंतर रामटेक-मौद्याकडे मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे दिवस असतात. कुठे शाहिरांचा सामना असेल तर नक्की जा, मोबाईल खिशात ठेवा आणि पहिला सवाल शब्दन् शब्द ध्यानात धरा. जबाब कुठे बसला आणि कुठे निसटला, हे तुमचं तुम्हाला कळेल.