पाइपलाइन सुरक्षेत सरकारी इंजिनिअर म्हणून काम करणं कसं असतं? त्यासाठी खाजगी ऑफर सोडावी का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की केमिकल इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष बडोद्यातच चालू आहे, एका खाजगी कंपनीची ऑफर हातात आहे आणि तरी पाइपलाइन सुरक्षेतली सरकारी नोकरी मनात घोळतेय. मी केंद्र सरकारच्या एका तांत्रिक सुरक्षा खात्यात इंजिनिअर आहे. खात्याचं नाव लिहीत नाही, सेवेत असताना ते पथ्य पाळायला हवं. लहानपण बडोद्याच्या दांडिया बाजारात गेलं आणि नोकरीचा बराच काळ याच जिल्ह्यात, म्हणून उदाहरणंही इथलीच येतील.

बडोद्याच्या माणसाला पाइपलाइन परकी नाही. 1958 मध्ये खंभातजवळ लुणेजला तेल लागलं, 1960 मध्ये अंकलेश्वरला, आणि 1965 मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली. मग कच्चं तेल आणणाऱ्या, पेट्रोल-डिझेल नेणाऱ्या, गॅस वाहणाऱ्या लाइनी शहराच्या आसपास एकीशेजारी एक पडत गेल्या. 1980च्या दशकात हजिरा-विजयपूर-जगदीशपूर ही लांबलचक गॅसलाइन आली, तिचं एक कॉम्प्रेसर स्टेशन, म्हणजे गॅसचा दाब वाढवून पुढे ढकलणारं केंद्र, वाघोडियाला आहे. घरगुती गॅस तर महापालिकेने त्याच्याही आधी, 1970च्या दशकातच नळाने द्यायला सुरुवात केली होती. पुण्या-मुंबईचे पाहुणे आमच्या स्वयंपाकघरात येऊन "सिलिंडर कुठे ठेवता?" असं विचारायचे.

आता कामाचं. कॉलेजात आपण पाइप शिकतो: पोलादाची प्रत, जाडी, वेल्डिंग, कोटिंग, दाब. हे सगळं लागतंच. पण नोकरीत माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो पाइपाच्या वरच्या जमिनीवर. पाइप एकदा पुरला की तीस-चाळीस वर्षं तिथेच असतो. वरची जमीन मात्र विकली जाते, तिचे तुकडे पडतात, तिच्यावर रस्ता होतो, सोसायटी होते, शाळा होते. बहुतेक धोका तिथून खाली उतरतो.

याचं गणित असं आहे. गॅसलाइन आखताना तिच्या दोन्ही अंगांना ठरावीक पट्ट्यात किती घरं आहेत ते मोजतात आणि त्यावरून जागेचे 1 ते 4 असे वर्ग पाडतात. मोकळी शेती म्हणजे वर्ग 1, बहुमजली दाट वस्ती म्हणजे वर्ग 4. पोलाद ज्या ताणाला कायमचं ताणलं जाऊ लागतं, त्याच्या 72 टक्क्यांपर्यंत ताण वर्ग 1 मध्ये चालतो, वर्ग 4 मध्ये जेमतेम 40 टक्के. म्हणजे वस्तीत पाइप जाड तरी हवा, नाहीतर दाब कमी तरी हवा. आता तुमच्या आईवडिलांना विचारा, तीस वर्षांपूर्वी भायली, सेवासी, वाघोडिया रोडकडे काय होतं. तुरीची आणि कपाशीची शेतं. शहराच्या कडेला जिथे जिथे त्या काळी लाइन पडली, तिथे ती शेताच्या हिशोबाने पडली. आज वर टेनामेंट आणि ड्युप्लेक्स उभे असतील, तर कागदावरचा वर्ग बदलायला हवा, आणि त्यापाठोपाठ दाब किंवा पाइपही. हा बदल वेळेवर होतोय का, हे बघणं आमचं काम. कंपनीला दाब कमी करणं म्हणजे रोजचा तोटा, त्यामुळे ती स्वतःहून घाई करेल असं धरून चालता येत नाही.

जमिनीचा कायदाही नीट समजून घ्या, इंटरव्ह्यूसाठी नव्हे, कामासाठी. 1962 च्या पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइन कायद्यात सरकार जमीन घेत नाही, फक्त वापरहक्क घेतं. मालकी शेतकऱ्याचीच राहते. त्या पट्ट्यात त्याने पीक घ्यावं, पण बांधकाम, विहीर, तळं, झाड यांना बंदी. भरपाई बाजारभावाच्या 10 टक्के, एकदाच. शेतकऱ्याला हे सगळं पाठ असतं. "बेन, आ लाइन तो मारा बापाना वखतनी छे" (ताई, ही लाइन तर माझ्या बापाच्या काळातली आहे), असं सांगून तो मार्कर नसतानाही पाइप कुठून जातो ते बोटाने दाखवतो. पण त्याने जमीन विकली, घेणाऱ्याने प्लॉट पाडले, प्लॉटवाल्याने घर बांधून तिसऱ्याला दिलं, की ही आठवण तुटते. सातबारावर वापरहक्काची नोंद प्रत्येक वेळी सापडतेच असं नाही. मार्करचा दगड अडचणीचा वाटला म्हणून कोणीतरी दोन हात सरकवतो.

एक प्रसंग सांगते. शहराच्या कडेच्या एका सोसायटीत गणपतीचा मंडप नेमका गॅसलाइनच्या पट्ट्यावर उभा राहत होता. निम्मी सोसायटी मराठी, दरवर्षी उत्सव तिथेच. बांबूचे खड्डे उथळ असतात, वरची माती साधारण मीटरभर असते, त्यामुळे मला बांबूंची फारशी चिंता नव्हती. चिंता होती जनरेटरच्या अर्थिंगच्या सळईची. ती घणाने ठोकून खोल उतरवतात, आणि ठोकणाऱ्या पोराला खाली काय आहे याचा पत्ता नसतो. शिवाय दहा दिवस तिथे माणसं, समया, आरत्या. मंडळाचे काका आधी चिडले, "आमचा बाप्पा कोणाला आडवा येतो?" मी सोबतच्या माणसाकडून लोकेटर, म्हणजे पुरलेला पाइप शोधणारं यंत्र, मागवला आणि पाइपाची रेघ चुन्याने आखून दाखवली. ती रेघ मूर्तीच्या चौथऱ्याखालूनच जात होती. काकांनी ती पाहिली आणि दुपारपर्यंत मंडप मैदानाच्या दुसऱ्या टोकाला हलला. कायद्याने नोटीस देता आली असती, पण नोटिशीने पुढच्या वर्षी मंडप परत तिथेच आला असता. आता त्या सोसायटीतली माणसं जेसीबी दिसला तरी कंपनीच्या नंबरवर फोन करतात.

वरच्या जमिनीकडे दुर्लक्ष झालं की काय होतं, याची उदाहरणं जगभर आहेत. तैवानच्या काओशुंग शहरात 31 जुलै 2014 च्या रात्री रस्त्याखालच्या प्रोपिलीन या ज्वलनशील वायूच्या लाइनचा स्फोट झाला, 32 माणसं गेली. तिथे गटाराच्या बंद नाल्याच्या पोटातून पाइप तसाच लटकत जाऊ दिलेला होता आणि दमट हवेत तो वर्षानुवर्षं गंजत राहिला. नाला शहराचा, पाइप कंपनीचा. त्याच वर्षी 27 जूनला आपल्या आंध्रात पूर्व गोदावरी जिल्ह्यातल्या नगरम गावात पहाटे गॅसलाइन फुटली आणि गावाचा एक भाग जळाला. कोरड्या गॅससाठीच्या लाइनमधून ओला, म्हणजे पाण्याचा अंश असलेला, गॅस वाहत होता आणि पाइप आतून गंजला होता, असं पुढे समोर आलं. नगरमचा विषय आमच्यात आजही निघतो, कारण तिथे घरं पाइपाच्या अगदी लगत होती.

दुसरा मोठा भाग कागदांचा. हे ऐकून तरुण मुलं हिरमुसतात, पण मला तो भाग मनापासून आवडतो. कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनोत 9 सप्टेंबर 2010 रोजी 1956 मध्ये टाकलेली 30 इंची गॅसलाइन फुटली, 8 माणसं गेली. कंपनीच्या दप्तरात तो पाइप बिनजोडाचा म्हणून नोंदलेला होता. प्रत्यक्षात तिथे लांबीच्या दिशेने जोड असलेले आखूड तुकडे बसवलेले होते आणि त्यातला एक जोड अर्धवटच वेल्ड झालेला होता. 30 इंची बिनजोडाचा पाइप त्या काळी मिळतच नव्हता, म्हणजे ती नोंद वाचूनच कोणाला तरी शंका यायला हवी होती. नंतर कंपनीने जुन्या कागदांचे खोकेच्या खोके एका प्रचंड सभागृहात आणून माणसं लावून तपासले. म्हणून मी कुठल्याही लाइनच्या तपासणीला गेले की आधी बांधकामाच्या वेळचं रजिस्टर मागते: कोणता पाइप कुठल्या हीट नंबरचा (म्हणजे पोलादाच्या कुठल्या खेपेचा), कुठला वेल्ड कोणी केला, एक्स-रे कुठे आहे, हायड्रोटेस्ट, म्हणजे पाणी भरून दाबाची चाचणी, किती दाबाला किती तास केली. रंगीत प्रेझेंटेशन नंतर बघते.

गंजाबद्दल थोडक्यात, कारण ते तुम्ही शिकलाच असाल. पाइपाला कोटिंग असतं आणि शिवाय कॅथोडिक संरक्षण, म्हणजे हलका वीजप्रवाह देऊन गंज रोखणं. तांबे-तांबे सल्फेटच्या अर्धघटाशी (मोजणीच्या ठरलेल्या इलेक्ट्रोडशी) मोजलं तर पाइपाचा विभव, म्हणजे विजेची पातळी, उणे 0.85 व्होल्ट किंवा त्याहून जास्त ऋण हवा. आपल्याकडची काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते, आणि कोटिंगला ओरबाडते. हाय टेन्शनच्या तारा आणि रेल्वेची 25 केव्हीची लाइन समांतर गेली की रीडिंगं नाचतात. हे आकडे पुस्तकात सुटसुटीत दिसतात, शेतात तसे मिळत नाहीत.

पावसाळ्यानंतर मही नदीकडे जावं लागतं. सावली आणि पादऱ्याच्या बाजूला नदीकाठी ज्या घळी आहेत, त्यांना इथे कोतर म्हणतात. एका जोरदार पावसात कोतर कित्येक फूट पुढे सरकते. जिथे मे महिन्यात पाइपावर मीटरभर माती होती, तिथे सप्टेंबरमध्ये पाइप उघडा पडून अधांतरी दिसू शकतो. हे नकाशावर कळत नाही आणि कंट्रोल रूमच्या स्क्रीनवरही नाही, कारण दाब आणि प्रवाह अगदी ठीक असतात. ते कळतं लाइन वॉकरला, जो रोज पायी तो पट्टा तुडवतो. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतला तो सगळ्यात मोलाचा माणूस आहे आणि बहुतेक ठिकाणी तो ठेकेदाराकडे तुटपुंज्या पगारावर असतो. तपासणीला गेल्यावर त्याच्याशी साहेबांच्या गराड्याबाहेर दहा मिनिटं बोला. कुठे रात्री ट्रॅक्टर उभे असतात, कुठे लाइनला भोक पाडून तेल चोरायचा प्रयत्न झाला, कुठल्या व्हॉल्व्ह स्टेशनचं कुलूप गंजलंय, हे अहवालात येत नाही, त्याच्या तोंडून येतं.

कुठे नोकरी असते, हेही विचारलंत. नागपूरला मुख्यालय असलेली पेसो (पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना), जी 1898 पासून आहे, पेट्रोलियम नियम 2002 खाली द्रव पेट्रोलियमच्या लाइनींना मंजुरी देते, शिवाय टाक्या, सिलिंडर, स्फोटकं हा मोठा पसारा तिच्याकडे. नैसर्गिक गॅसच्या लाइनी आणि शहर गॅस यांची तांत्रिक आणि सुरक्षा मानकं 2006 च्या कायद्याने आलेलं पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ ठरवतं. 1986 मध्ये स्थापन झालेलं ओआयएसडी (तेल उद्योग सुरक्षा संचालनालय) तेल उद्योगासाठी मानकं लिहितं आणि ऑडिट करतं, तिथे बहुतेक अधिकारी तेल कंपन्यांतून प्रतिनियुक्तीवर येतात. गट अ मध्ये नव्याने लागलात तर वेतनश्रेणीतली लेव्हल 10, मूळ वेतन 56,100 आणि भत्ते. खाजगीत तुमचे मित्र काही वर्षांत पुढे जातील, ते मनाशी धरूनच या.

शास्त्रज्ञ व्हायचं असेल तर वाट वेगळी. कराईकुडीची केंद्रीय विद्युतरासायनिक संशोधन संस्था (सीईसीआरआय) गंजावर काम करते, जमशेदपूरची राष्ट्रीय धातुविज्ञान प्रयोगशाळा (एनएमएल) धातूंवर. पाइपाच्या आतून प्रवाहाबरोबर जाऊन भिंत तपासणारा इन्स्ट्रुमेंटेड पिग आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने (बीएआरसी) इंडियन ऑइलबरोबर मिळून बनवला, ते काम वाचा. एम.एस. युनिव्हर्सिटीत मेटलर्जी विभाग तुमच्या शेजारीच आहे, तिथल्या प्राध्यापकांना भेटा.

या नोकरीतला जड भाग लपवत नाही. तपासणाऱ्यांची संख्या लाइनींच्या मानाने फार अपुरी आहे आणि बरीचशी तपासणी आता बाहेरच्या एजन्सींकडून होते, ज्यांना पैसे तपासली जाणारी कंपनीच देते. मला हे पटत नाही आणि मी ते बैठकीत बोलतेही. एका लाइनबद्दल मी एकच शेरा सलग काही वर्षं लिहिला आणि दरवेळी "काम प्रगतिपथावर" असं उत्तर आलं. शेवटी दाब कमी करण्याचा आदेश निघाला तेव्हा पाइप बदलला गेला. हा आदेश आपल्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यार, पण तो टिकतो मागच्या वर्षांची प्रत्येक नोंद तारखेसकट असेल तरच. ज्याला वर्षाच्या आत निकाल दिसायला हवा, त्याने इथे येऊ नये, तो खचेल. ज्याला एखादी गोष्ट धरून ठेवता येते आणि शेतकरी, सरपंच, कंपनीचा महाव्यवस्थापक या तिघांशी एकाच आवाजात बोलता येतं, त्याची इथे फार गरज आहे.

ऑफरचं म्हणाल तर ती सोडू नका. सरकारी जागा नेमाने निघत नाहीत, आणि बऱ्याच जाहिरातींत अनुभव मागितलेला असतो. कंपनीत जा, पण ऑफिसात बसवणारं पद मिळत असेल तर ऑपरेशन-मेंटेनन्स किंवा कोरोजन (गंज) विभाग मागून घ्या. दोन पावसाळे लाइनवर काढा, एखादी हायड्रोटेस्ट आणि एखादं पिगिंग डोळ्यांनी बघा, वेल्डचे एक्स-रे वाचायला शिका. त्यासोबत यूपीएससीच्या थेट भरतीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, जागा निघाली की अर्ज करा. मध्ये सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपनीत गेलात तर अर्ज तिच्यामार्फत पाठवा आणि ना हरकत पत्र वेळेत मागा, त्यात महिने जातात.