बांधावरून करपा मोजता येत नाही

भात पोटरीत आलं, म्हणजे बाहेर पडण्याआधी लोंबी खोडात भरू लागली, की या सदराच्या पत्रांत करपा हा भाताचा बुरशीजन्य रोग शिरतोच. यंदाच्या गठ्ठ्यातली चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली, कारण ज्या कामात माझी अठ्ठावीस वर्षं गेली तेच काम ही मुलगी आता हातात घेते आहे.

प्रश्न : मॅडम, मी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मावळातल्या सात गावांत भातावरच्या करप्याचं सर्वेक्षण करायचं काम मला मिळालंय. दिवसाला दहा खाचरं करायची आहेत आणि बरीचशी रस्त्यापासून लांब आहेत. आधी हे काम केलेला मुलगा म्हणाला, बांधावर उभं राहिलं की अंदाज येतो, तोच आकडा टाकायचा. शेतकरी मात्र हाताला धरून सगळ्यात जळालेल्या कोपऱ्यात नेतात. मी नेमकं कुठे आणि किती मोजू?
— एक विद्यार्थिनी, वडगाव मावळ

उत्तर : बाळा, बांधावरून करपा दिसतो, पण मोजता येत नाही. हे मी चुकून शिकले आहे, म्हणून आधी ती चूक सांगते.

माझ्या पहिल्या हंगामात एसटी थांबेल तिथून पायी पंधरा मिनिटांत गाठता येतील एवढीच खाचरं मी बघितली. वहीत सगळीकडे ‘किरकोळ’ लिहिलं. दिवाळीच्या तोंडावर डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीवर गेले तर झोडणी चालू होती. एका आजींनी सुपातलं भात वाऱ्यावर धरलं आणि निम्मं उडून गेलं. सगळी पळींज, दाणा न भरलेली. त्यांनी माझ्या वहीकडे बघत विचारलं, “बाई, आमचं भात हाय का ह्यात?” नव्हतं. रस्त्याकडेच्या खाचरांना ऊन-वारा भरपूर मिळतो. डोंगराच्या सावलीतल्या खाचरात दव सकाळी दहापर्यंत पानावरून हटत नाही. करप्याच्या बीजाणूला रुजायला पान तासन्‌तास ओलं लागतं. मी जिथे रोग कमी असणार नेमकी तिथलीच पाहणी केली होती, आणि त्या वर्षीच्या अहवालात ती वाडी निरोगी म्हणून गेली.

म्हणून खाचरं निवडताना गावाचा नकाशा घरीच समोर घे आणि निघण्याआधीच ठरव. रस्त्याकडची, ओढ्याकाठची, डोंगराखालची, सगळी त्यात येऊ देत. काही खाचरं हंगामभर तीच ठेव, म्हणजे रोग वाढतोय की थांबलाय ते कळेल. काही दर खेपेला नवी घे. राज्यात २००९-१० पासून चाललेल्या क्रॉपसॅपच्या कीड-रोग सर्वेक्षणातही निश्चित शेत आणि फिरतं शेत अशी जोडी असते, ती याचसाठी.

खाचरात शिरलीस की बांधालगतचे चार-पाच पाय सोड. नागमोडी चालत पाच जागी थांब आणि प्रत्येक जागी दहा चुडी, म्हणजे रोपांचे झुबके, बघ. कुठल्या चुडीपासून मोजायचं ते डोळ्याला ठरवू देऊ नकोस, कारण डोळा जळकं पान शोधतो. मी वीस पावलं मोजायचे आणि उजव्या पायाशी जी चूड येईल तिच्यापासून सुरू करायचे. शेतकरी कोपऱ्यात नेतो तेव्हा त्याच्याबरोबर जरूर जा, वाकून बघ, त्याचं ऐक, वहीच्या मागच्या पानावर लिही. तो कोपरा खरा आहे, त्याचं नुकसान खरं आहे. फक्त तो आकडा पाच जागांच्या बेरजेत मिसळू नकोस.

पानावरच्या करप्याला ० ते ९ ची मोजपट्टी आहे, फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची. ० म्हणजे डाग नाही. १ म्हणजे टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके. २ आणि ३ म्हणजे एक-दोन मिलिमीटरचे, मध्ये करडे आणि कडेला तपकिरी असे डाग. ४ पासून दोन्ही टोकांना निमुळता, डोळ्याच्या आकाराचा खरा डाग सुरू होतो, पण पानाचा चार टक्क्यांहून कमी भाग गेलेला असतो. ९ म्हणजे पाऊण पानापेक्षा जास्त जळालेलं. नवखा माणूस थोडा रोग नेहमी जास्त धरतो. पहिल्या आठवड्यात दहा पानं घरी आण, आलेख कागदावर ठेवून कडा आणि डाग आखून घे, चौकटी मोज. पाच टक्के किती थोडे दिसतात ते एकदा बघितलंस की डोळा ताळ्यावर येईल.

मानमोडीला, म्हणजे लोंबीच्या मानेवर येणाऱ्या करप्याला, मात्र ही पट्टी लावू नकोस. तिथे लोंब्या मोजायच्या. दहा चुडींत ८७ लोंब्या आणि त्यातल्या १४ मानेशी काळ्या, तर १६ टक्के. दाणे दुधात असल्यापासून पिकेपर्यंत ही मोजणी होते. पानांवर जवळजवळ काही नव्हतं म्हणून लोंबीच्या वेळी परत न जाणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण पानावरचा करपा पीक पुष्कळदा भरून काढतं, मानेवरचा नाही. मान गेली की वरच्या दाण्यांना अन्न पोचायची वाटच बंद होते.

इथे एक जागा फसवी आहे. लांबून पांढरी लोंबी दिसली की सगळे मानमोडी म्हणतात. जवळ जा, दोन बोटांत धरून लोंबी हलकेच वर ओढ. अलगद उपसून आली आणि बुडाशी कुरतडल्याची खूण असली तर तो खोडकिडा. लोंबी घट्ट राहिली तर शेवटच्या पानाचं आवरण खाली सरकव आणि पहिल्या दाण्याखालची मान उन्हाकडे धर. तिथे तपकिरी-काळं कडं दिसेल, नख लावलंस तर नेमकी तिथेच मोडेल. तो करपा. तरीही शंका राहिली तर मानेचा तुकडा डब्यात ओल्या टिपकागदावर रात्रभर झाकून ठेव. सकाळी डागावर करडी, मखमलीसारखी लव येते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात तीन कप्प्यांचे, पेअरच्या आकाराचे बीजाणू दिसतात. हे दृश्य मी शेकडो वेळा बघितलंय आणि अजूनही पहिल्यांदा बघितल्यासारखी थबकते.

शेतकऱ्याला भाताची जात, आवणी म्हणजे रोपांची लावणी, युरिया आणि बियाणं यांबद्दल विचारशील. तारखा विचारू नकोस, त्या कुणाला आठवत नाहीत. आवणी आषाढी एकादशीच्या आधी की नंतर, दुसरा युरिया गौरींच्या आधी की नंतर, असं विचार. उत्तर लगेच आणि बरोबर मिळतं. घरी येऊन पंचांगावरून तारीख टाक.

कडा करपा दिसलेलं खाचर दिवसात शेवटी ठेव. नावात करपा असला तरी तो वेगळा, जिवाणूचा रोग आहे, ओल्या पानांतून चालणाऱ्या माणसाच्या कपड्यांवरून तो पुढच्या शेतात जाऊ शकतो.

आणि शून्य आला तर शून्यच लिही. साहेबांना रिकामी वही दाखवायची लाज वाटते म्हणून मुलं एक-दोन टाकतात. निरोगी खाचर कुठलं, तिथे जात कोणती आणि खत किती, हे त्या शून्यामुळेच कळतं. दहा खाचरं होत नसतील तर सहा कर आणि सहाच लिही.

प्रश्न : तीन वर्षं झाली, सर्वेक्षणाची माणसं येतात, पानं तोडतात, फोटो काढतात आणि जातात. गेल्या साली माझं अर्धं इंद्रायणी जातीचं भात मानेत मोडलं. विचारलं तर म्हणाले, आकडा वर पाठवलाय. आम्हाला याचा उपयोग काय?
— एक शेतकरी, मुळशी तालुका

उत्तर : दादा, तुमचा राग रास्त आहे. ज्याच्या खाचरात मोजलं त्याला बांधावरच आकडा सांगितला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. मी वहीचं अर्धं पान फाडून देत असे: आज पानावर इतका करपा, पोटरी इतक्या दिवसांवर, हवा ढगाळ, अमुक करा. आकडा वर जाऊन सल्ला खाली यायला आठवडा गेला तर मानमोडी थांबत नाही. यापुढे कुणी खाचरात उतरलं की कागद मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

आकड्यांचा उपयोग आहे, पण तो सावकाश दिसतो. ही बुरशी रूप बदलते. काल टिकलेली जात काही वर्षांनी तिला बळी पडते, आणि ते पहिल्यांदा शेतकऱ्याच्या खाचरातच उघड होतं. लोणावळ्याच्या पावसाळी, दमट हवेत करपा हमखास येतो, म्हणून देशभरच्या नव्या जाती तिथे लावून पारखतात. पण तिथे टिकलेली जात तुमच्या मुळशीत टिकते का, हे तुमच्याच खाचरात येऊन बघावं लागतं.

आता तुमच्यापुरतं. मोडलेल्या खाचरातलं बी पुन्हा पेरू नका. पेरणीआधी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओता, तरंगलेलं काढून टाका, तळाचं दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवा, मग बुरशीनाशक चोळा. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख मिसळा. तिच्यातल्या सिलिकाने पान चिवट होतं. डॉ. नारायण सावंतांच्या भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत ही राख आहे, आणि ती तुमच्या गिरणीत फुकट पडलेली असते. पानावर डोळे दिसत असताना, झिमझिम चालू असताना युरिया देऊ नका. भात काळंभोर हिरवं दिसलं की आपल्याला बरं वाटतं. करप्यालाही तेच मानवतं.

फवारणीचं एवढंच लक्षात ठेवा की ती लोंबी बाहेर पडायच्या वेळची आहे. ही बुरशी पानात शिरण्यासाठी एक काळपट फुगा तयार करते. त्या फुग्यातला दाब मोटारीच्या टायरच्या जवळपास चाळीसपट असतो, आणि त्या जोरावर ती पानाला भोक पाडते. ट्रायसायक्लाझोल त्या फुग्याचा काळा रंग तयार होऊ देत नाही. रंग नाही तर दाब धरत नाही, शिरकावही होत नाही. म्हणजे औषध आधी लागतं. मान काळी पडल्यावर मारलेला पंप पैसे वाया घालवणारा. मात्रा डब्यावरच्या लेबलाप्रमाणेच घ्या.

प्रश्न : आमच्या वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीतल्या भातावर तिळाएवढे तपकिरी ठिपके आलेत. दुकानदार करप्याचं औषध देतो. दोनदा मारलं, फरक नाही.
— एक वाचक, शहापूर तालुका

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या फोटोतले डाग गोल-लांबट आहेत, पानभर सारखे पसरलेत आणि भोवती पिवळसर वलय आहे. हा करपा वाटत नाही, तपकिरी ठिपक्यांचा रोग वाटतो. बुरशी वेगळी आहे. करप्याचा डाग टोकदार असतो आणि करपा खत जास्त झालेल्या भातावर माजतो. हा मात्र उपाशी, तहानलेल्या भातावर येतो. पुढच्या हंगामाआधी माती तपासून घ्या, पालाश आणि शेणखताकडे लक्ष द्या, खाचरात पाणी टिकेल असे बांध घाला. बियाण्यातूनही तो येतो, म्हणून वरची मिठाच्या पाण्याची रीत तुम्हीही करा.

या ठिपक्यांना क्षुल्लक समजू नका. १९४२ साली बंगालमध्ये हाच रोग पसरला आणि पुढच्या वर्षी तिथे दुष्काळाने लाखो माणसं मेली. दुष्काळाची कारणं अनेक होती. युद्ध होतं, भाववाढ होती, सरकारी धोरण होतं. पण एस. वाय. पद्मनाभन यांनी १९७३ मध्ये बांकुडा आणि चिंसुरा इथल्या भात केंद्रांच्या जुन्या नोंदी काढून दाखवल्या, तेव्हा १९४२ मध्ये काही जातींचं उत्पादन नव्वद टक्क्यांपर्यंत घटल्याचं दिसलं. कुणीतरी त्या साली वजन करून वहीत लिहून ठेवलं होतं, म्हणून तीस वर्षांनी ते सांगता आलं. वडगावच्या मुलीने हे उत्तरही वाचावं.

प्रश्न : हायब्रीड धानाच्या लोंबीत पिवळे मखमली गोळे आलेत, काही हिरवट-काळे होतायत. जुनी माणसं म्हणतात, हे आलं की धान जोरात पिकतं. फवारू का?
— एक शेतकरी, गोंदिया जिल्हा

उत्तर : आता फवारून उपयोग नाही. ही आभासी काजळी. बुरशी पोटरीतच फुलात शिरलेली असते, गोळा दिसतो तेव्हा तिचं काम झालेलं असतं. जुनी माणसं सर्वस्वी चुकीची नाहीत. पाऊस आणि खत भरपूर असलेल्या जोमदार धानातच ती जास्त येते. पण जोम पावसाचा आणि खताचा आहे, गोळ्यांचा नाही, आणि गोळ्याच्या जागेचा दाणा तर गेलाच. पुढच्या साली या बांधीत, म्हणजे खाचरात, युरिया हात राखून टाका आणि फवारणी पोटरीतच करा. यंदा गोळे थोडे असतील तर सकाळी दव असताना, पूड उडत नाही तेव्हा, लोंबीवर कागदी पिशवी हळूच चढवा, खालून कापा आणि पिशवीसकट बांधीबाहेर नेऊन जाळा.